साठ ग्रॅम

थोरली उंचपुरी, हाडापेराने मजबूत. धाकटी सडपातळ. हलक्या वजनाच्या दुहेरी नौकानयनात दोघींचं मिळून वजन एकशे चौदा किलोच्या वर गेलेलं चालत नाही. थोरलीच्या अंगावर कमी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. म्हणून शर्यत आली, की तिच्या वाटचंही धाकटीच उतरवायची. "ताई, तू जेव. माझं पोट काय, गप्प बस म्हटलं की बसतं," म्हणायची.

यंदा आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत दोघी अंतिम फेरीत पोचल्या. त्या सकाळी तीनशे ग्रॅम जास्त भरत होते. धाकटी एकावर एक दोन स्वेटर चढवून बोटींच्या शेडभोवती पळत होती. अकराव्या फेरीला ती कोसळली. ओठ पांढरेफटक, डोळे फिरलेले. हाका मारल्या तरी ओ देईना.

थोरलीने मागचापुढचा विचार केला नाही. तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तिने डोळे उघडताच पेलाभर पाणी पाजलं.

काट्यावर दीडशे ग्रॅम जास्त निघाले. "अजून बारा मिनिटं आहेत," कोच ओरडले. दोघी पळाल्या, थुंकत राहिल्या. शेवटच्या मिनिटाला पुन्हा काट्यावर चढल्या.

साठ ग्रॅम.

काट्यावरच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. "माफ करा," म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

शर्यत त्यांनी काठावरून पाहिली. त्यांची चौथी लेन रिकामी होती. ज्यांना त्यांनी प्राथमिक फेरीत सहज मागे टाकलं होतं, त्याच दोघी जिंकल्या.

"पाणी का पाजलंस?" धाकटीने विचारलं.

"अगं, तू बेशुद्ध पडली होतीस."

"चार वर्षं तुझे किलो मी माझ्या पोटातून काढले. तुला एक पेला आवरला नाही?"



दोन महिन्यांनी सराव शिबिराची यादी लागली. धाकटीच्या नावाशेजारी दुसऱ्याच मुलीचं नाव होतं.

"तुझ्या बहिणीनेच जोडी बदलून मागितली," कोच नजर चुकवत म्हणाले.

"बरं केलंत," थोरली म्हणाली. शेडमध्ये जाऊन तिने बोटीतली आपली पाय टेकवायची फळी सैल केली आणि बैठकीजवळ सरकवली. नवीन मुलगी बुटकी होती.

धाकटी वल्ही घेऊन आली, तिला पाहून दारातच थबकली. थोरली फळी घट्ट करून उठली, बाजूने बाहेर पडली. मगच धाकटी आत गेली.