मोहाखालची जागा

किल्ल्याच्या बुरुजावर पोहोचेपर्यंत मनिषभाईंनी तीन पूल, दोन चर्च आणि कुणाचं तरी कुत्रं मिळून साठेक फोटो काढले होते.

"चंद्रिका, इकडे बघ. मागचे डोंगर येऊ देत."

चंद्रिकाबाईंनी साडीवरचा जाड कोट सारखा केला आणि फोटोपुरत्या हसल्या.

खाली लुब्लियाना शहर लाल कौलांनी पसरलं होतं. अलेंका एकेक जागा बोटाने दाखवत होती. तिची शाळा, तिने नोकरी केली ते वाचनालय, सकाळी त्यांनी चेरी खाल्ल्या तो नदीकाठचा बाजार. तिचा नवरा मार्को कमी बोलायचा, पण कुठेही चढ आला की बाईंच्या हातातली पिशवी न विचारता स्वतःकडे घ्यायचा. पाच दिवस या दोघांनी पाहुण्यांना कशाची म्हणून कमी पडू दिली नव्हती. मनिषभाई डहाणू रोड स्टेशनवर तीस वर्षं बुकिंग क्लार्क होते, त्यामुळे त्यांचं इंग्रजी काम भागवण्याइतकं होतं. बाईंना समजायचं बरंच, पण बोलायची वेळ आली की त्या नवऱ्याकडे बघायच्या.

अलेंका बाकावर बाईंच्या शेजारी येऊन बसली. मग तिने इंग्रजीत विचारलं, "त्या झाडाला यंदा फुलं आली होती?"

मनिषभाईंनी मोबाइल खिशात ठेवला.

सत्तावीस वर्षांपूर्वी भारतात आलेले अलेंका आणि मार्को सिल्वासाहून जीपने डहाणूला निघाले होते. तिला सहावा महिना होता आणि अंगात मलेरियाचा ताप. उधव्यापाशी कळा सुरू झाल्या. तिथल्या सरकारी दवाखान्यात चंद्रिकाबाई नर्स होत्या आणि डॉक्टर मीटिंगला तलासरीला गेले होते. बाळ मेलेलंच जन्मलं. अलेंका तापात बरळत होती. बाईंनी कापडात गुंडाळलेलं बाळ मार्कोपुढे धरलं, तेव्हा त्याने मान फिरवली आणि 'नको' म्हणून हात वर केला. दुपारनंतर बाई आणि दवाखान्याचा शिपाई काकड्या बाळाला घेऊन त्याच्या गावी, झरीला गेले. काकड्याच्या शेताच्या बांधावर मोहाचं झाड होतं. त्याच्याखाली त्यांनी बाळाला ठेवलं.

पुढे अकरा दिवस बाईंनी अलेंकाला डहाणूला आपल्या घरी ठेवून घेतलं. निघताना तिने एवढंच विचारलं, कुठे? बाईंनी सांगितलं, झाडाखाली. त्यापुढचं तिने विचारलं नाही आणि आपण होऊन सांगायला बाईंची जीभ रेटली नाही. त्या दोघांना पुन्हा मूल झालं नाही. दर नव्या वर्षाला कार्ड यायचं, पुढे मेसेज यायला लागले. बाई दरवर्षी मनिषभाईंकडून लिहून घ्यायच्या, झाड छान आहे.

चार वर्षांपूर्वी त्या शेतातून मोठा रस्ता गेला. आदल्या दिवशी काकड्याचा फोन आला होता. "बाय, उद्या मशिन येतंय. मोह पाडतील. तू येशील का?" दवाखान्यासमोर लशीची रांग लागली होती. बाई गेल्या नाहीत. त्या वर्षीही त्यांनी लिहायला सांगितलं, झाड छान आहे.

"हो म्हणून टाकतो," मनिषभाई मराठीत म्हणाले.

"नको."

"अगं, उद्या आपलं विमान. एवढं केलं त्यांनी. जाता जाता कशाला तिच्या जिवाला घोर?"

"सांगा, झाड नाहीये."

"ती काय बघायला येणारे तिकडे?"

"यायची नाही म्हणूनच सांगायचं. आली असती तर तिला दिसलंच असतं."

मनिषभाईंनी चष्मा पुसला, परत लावला आणि सांगितलं. मध्ये मध्ये ते शब्दांसाठी अडखळत होते. बाई म्हणाल्या, "आणि चार वर्षं मी खोटं कळवत होते, तेही सांगा." तेही त्यांनी सांगितलं.

मार्को उठून कठड्यापाशी गेला. अलेंका हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने विचारलं, त्या रस्त्यावरून पुष्कळ गाड्या जातात का?

"रात्रंदिवस," बाई म्हणाल्या.

अलेंकाने मान हलवली. रागावली की काय, ते बाईंना कळेना. त्यांनी आयुष्यात शेकडो बाळंतपणं केली होती, बाईच्या चेहऱ्यावरून त्यांना पुष्कळ कळायचं. इथे मात्र काही कळेना. मग अलेंकाने आणखी एक प्रश्न विचारला. तो समजायला मनिषभाईंची गरज नव्हती.

"बॉय? ऑर गर्ल?"

सत्तावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. उधव्याच्या रजिस्टरात बाईंनी स्वतःच्या हाताने एका रकान्यात लिहिलं होतं आणि पान उलटलं होतं.

"गर्ल," त्या म्हणाल्या. पुढचं इंग्रजी त्यांना येईना. त्यांनी दोन्ही तळवे समोर धरून केवढी होती ते दाखवलं. मग स्वतःच्या पापण्यांना बोट लावलं. पापण्या आल्या होत्या. "मुलगी."

कठड्यापाशी पाठमोरा उभा असलेला मार्को वळला नाही.

किल्ल्यावरून खाली उतरायला रुळांवरचा काचेचा डबा होता. त्यात चौघं जवळजवळ उभे राहिले. डबा झाडांमधून हळूहळू घसरू लागला. मार्कोने आपल्या भाषेत बायकोला काहीतरी विचारलं. अलेंका त्याच्या कोटाच्या बटणाकडे बघत म्हणाली, "मुल्गी." मग पुन्हा, जरा मोठ्याने, "मुल्गी."

मार्कोने तो शब्द एकदा म्हणून पाहिला.

डबा खाली टेकला आणि दार उघडलं. वर जायला आलेली माणसं बाहेर बाजूला सरून उभी होती. आतून कोणीच पहिलं पाऊल टाकेना.