मुंग्या येईपर्यंत

वायरमनचं बूड दवाखान्याच्या खुर्चीवर टेकत नव्हतं. उठायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा आणि येताजाता भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे पाहून नाक मुरडायचा. कुठल्या शहाण्याने हा वाकडा लावलाय? त्याची आठ वर्षांची लेक मात्र पाय हलवत गप्प बसली होती. आल्यापासून तिची दोनदा शू करून झाली होती.

आजार म्हणावा तर मोठा नव्हे, पण पोरीला जीव नकोसा झाला होता. लघवीची पिशवी जरा भरली की आवळायची, की हिने धावत सुटायचं. वर्गात चड्डी ओली झाली, तेव्हापासून शाळेचं नाव काढलं तरी रडू फुटायचं. औषधाने तोंडाला कोरड पडली. मग डॉक्टरबाईंनी बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र दिलं. रोज कमरेखाली दोन पट्ट्या चिकटवायच्या आणि बारीकसा करंट सोडायचा, म्हणजे पिशवीच्या नसा हळूहळू ताळ्यावर येतात. आई कामावरून उशिरा यायची, तेव्हा हे काम बापाच्या गळ्यात पडलं. घरातच वायरमन आहे, मग काळजी कसली, असं सगळेच म्हणाले.

काळजी हीच, की तो वायरमन होता. उभा जन्म माणसांना करंटपासून लांब ठेवण्यात गेलेला. त्याचा एक सोबती खांबावरून पडला तो उठलाच नाही. आणि आता आपल्याच हाताने पोरीच्या अंगाला वायरी लावायच्या! बॅटरीने काही होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी यंत्र हातात घेतलं की त्याची पाचावर धारण बसायची.

"काहीच फरक दिसत नाही," डॉक्टरबाई तपासून म्हणाल्या. "काही मुलांना हे लागू पडत नाही. बंद करू, परत औषधाकडे वळू."

"रोज लावलंय हो बाई. एकही दिवस चुकवला नाही," बाप म्हणाला. पोरीने मान खाली घातली होती.

बाईंनी तिला जवळ घेतलं. "मुंग्या जोरात येतात का गं?"

"येतात. मग मी सांगते आणि बाबा कमी करतात."

"किती कमी?"

"जाईपर्यंत," बापानेच उत्तर दिलं, तेही मोठ्या जबाबदारीने. "करंट जाणवला की मागे यायचं. आमच्या कामात पहिला धडा हाच."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, जाणवावा म्हणूनच तर लावायचा. दुखता कामा नये, पण मुंग्या यायलाच हव्यात. चूक माझीही आहे. वायरमनला काय सांगायचं, म्हणून मी भराभर उरकलं."

त्यांनी तिथेच पट्ट्या लावल्या आणि यंत्र त्याच्या हातात दिलं. त्याने बटण दाबत नेलं.

"आल्या," पोर म्हणाली.

त्याचं बोट आपोआप कमी करायच्या बटणावर गेलं. तिने मागे हात नेऊन ते बोट धरलं.

"राहू द्या बाबा. दुखत नाहीये."

"आता पहिल्यापासून सुरुवात करू," बाई म्हणाल्या.

पोर हळूच म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मला करंट लागतच नव्हता?"

"नव्हता," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, मीच नीट बरी होत नाहीये."

"नाही गं बाळा," बाप म्हणाला, "मीच तुला बरं होऊ देत नव्हतो."