हरणीच्या पुढे

"ह्येच व्हय?" पिराजीआण्णांनी बाटली खिडकीच्या उजेडाला धरली. "एवढ्याशासाठी एवढा पाय फाडला?"

मिरजेच्या दवाखान्यात आकारामच्या खाटेभोवती आम्ही तिघं उभे होतो. त्याचे वडील पिराजीआण्णा, बायको तानाबाई आणि मी. बाटलीतल्या पाण्यात कापलेल्या नखासारखा वाकडा, बोटाच्या दोन पेरांएवढा पांढुरका तुकडा तळाशी बसला होता. आकारामच्या उजव्या गुडघ्यातली ती गादी. ती फाटून दोन हाडांच्या मध्ये अडकली होती, म्हणून महिनाभर त्याचा पाय सरळ होत नव्हता.

डॉक्टर चांगले होते. घाईत होते, तरी त्यांनी सगळं दोनदा सांगितलं आणि मी ते वहीत लिहून घेतलं. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची आणि सोडायची. टाके निघाले की पाय सरळच ठेवून वर उचलायचा. महिन्याने पावलाला वाळूची लहान पिशवी बांधून उचलायचा. "उकिडवं बसायचं नाही. आणि तीन महिने पळायचं नावसुद्धा काढू नका."

"म्हंजे दिवाळीच्या पाडव्याला न्हाय जमायचं?" आकारामने विचारलं.

"दिवाळी कधी आहे?"

मी बोटं मोजली. श्रावण संपत आला होता. "दहा आठवडे, डॉक्टर."

"मग नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. आण्णांनी बाटली तानाबाईच्या हातात दिली आणि धोतराला हात पुसले.

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला पाडव्याचं हे प्रकरण सांगावं लागतं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि म्हैस रस्त्यावर आणायची. कासरा नाही, काठी नाही. धनी पुढे पळतो, हाळी देतो आणि म्हैस त्याच्या मागे धावते. मागे धावली तर ती त्याची, नाही तर नुसती दावणीला बांधलेली. गल्लीत माणसाची परीक्षा अशीच व्हायची. अलीकडे मोटारसायकली आल्या होत्या. सायलेन्सर काढलेली राजदूत पुढे आणि म्हैस मागे. अठ्ठ्याहत्तर साल उजाडेपर्यंत गवळी गल्लीत पायाने पळणारं एकच घर उरलं होतं, ते पिराजीआण्णांचं. आण्णांचे वडील पळाले, आण्णा पळाले आणि गेली अकरा वर्षं आकाराम पळत होता. त्याच्या म्हशीचं नाव हरणी. म्हशीला हरणी म्हणतात हे ऐकून बाहेरगावची माणसं हसायची, पण तिला धावताना बघितलं की गप्प व्हायची.

माझा या सगळ्याशी संबंध दुधापुरता. मी शाहूपुरीत एका अडत दुकानात कारकून. पहाटे गवळी म्हशी घेऊन येतात त्या दूधकट्ट्यावर आकाराम समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा, तिथली ही दोस्ती. माझे वडील शाळेत ड्रिलमास्तर होते. त्यांनी माझ्यासाठी मागे ठेवलं ते एक स्टॉपवॉच. ते घेऊन मी सायकलवरून रंकाळ्याच्या कडेने आकारामच्या बरोबरीने जायचो. सकाळची दुधं घालून झाली की तो पळायचा. अनवाणी, तोंड मिटून, खांदे न हलवता. पाडव्याला गल्लीच्या तोंडापासून घाटाच्या कमानीपर्यंत किती वेळ लागला हे मी ओरडून सांगायचो. आदल्या वर्षी एक मिनिट बावन्न सेकंद. माझ्या आयुष्यात मी मोठ्याने ओरडलो ते वर्षातून तेवढंच.

आणि हा गडी पळताना पडला नाही, कुठे शर्यतीत पाय मुरगळला नाही. धार काढायला उकिडवा बसला होता, शेजारच्या रेड्याने म्हशीला ढुशी दिली, म्हैस अंगावर आली आणि हा बसल्या बसल्या वळून उठायला गेला. गुडघ्यात कट्ट झालं. घोड्यावर बसणारा उंबऱ्याला अडखळून पडावा, तसलं झालं.

टाके निघाले, तो घरी आला. दोन्ही वेळच्या धारा तानाबाई काढू लागली. आकाराम सोप्यात जाजमावर पडून पाय वर-खाली करायचा. मी संध्याकाळी जाऊन वहीत आकडे मांडायचो. सहा आठवडे सगळं शहाण्यासारखं चाललं. दुखणं कमी झालं, काठी सुटली. पण मांडी वाळली. डावी मांडी खांबासारखी आणि उजवी पोराच्या दंडासारखी. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, हळूहळू भरेल म्हणाले होते. पण ज्या गावात माणसाची मांडी बघून त्याला मुलगी देतात, त्या गावात 'हळूहळू' हा शब्द कोण ऐकणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णा समोर येऊन बसले. त्यांनी दोन्ही पंजांत ती मांडी धरून बघितली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लागली.

"तिरमक, ह्यो पाळण्यातल्या पोरावानी पाय हालवतोय. ह्येनं मांडी भरंल व्हय?"

"डॉक्टरांनी तसंच सांगितलंय, आण्णा."

"डाक्टर मिरजंचा हाय. त्येनं कापायचं काम केलं, झ्याक केलं. पर मांडी कशी करायची ही त्यो आमास्नी शिकवनार? चाळीस वर्सं तालमीत गेली माझी. मांडी बैठकंनं हुती. जगात दुसरी रीतच न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाडव्याला तीन आठवडं हायत."

आकाराम माझ्याकडे बघत होता. त्याला काय हवंय ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी शिकलेला, मी डॉक्टरांचं बोलणं ऐकलेलं, माझ्या खिशात ती वही. मी 'नको' म्हणालो असतो तर त्याने ऐकलं असतं. मी म्हणालो, "थोड्या थोड्या काढून बघ."

का म्हणालो, ते आता लपवून काय करायचं? मलाही त्याला पळताना बघायचं होतं. दुकानात दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा मान वर करायची होती.

पहिल्या दिवशी वीस बैठका. दुसऱ्या दिवशी तीस. मी मोजायचो, आण्णा समोर बसून "श्वास सोड, टाच उचलू नगं" सांगायचे. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. आण्णांनी आंबेहळद आणि तुरटीचा लेप कढत कढत लावला. सकाळी सूज उतरल्यासारखी वाटली, म्हणून पन्नास.

तानाबाई धारेची बादली घेऊन दारात थांबली. ती कमी बोलणारी बाई. "भावजी," ती मला म्हणाली, "डाक्टर काय म्हनालं ते तुमीच लिवून घेतलंय न्हवं?"

"होय, वहिनी."

"मग वाचून दावा की ह्यास्नी."

मी वहीची पानं उलटल्यासारखं केलं. आकारामच म्हणाला, "तू जा आत. मला काय बी दुखत न्हाय." त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. बैठकीचा घाम वेगळा आणि दुखण्याचा वेगळा, हे मला तेव्हाही कळत होतं.

नवव्या दिवशी मी "एकशे सतरा" म्हणालो, तो पुढच्या बैठकीला खाली गेला आणि खालीच राहिला. आवाज मोठा झाला नाही. बांबूची कामटी पिळल्यावर होतो तेवढाच. त्याने जमिनीवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाला, "आण्णा, उचला मला."

पुन्हा मिरज. डॉक्टरांनी जाड सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं. आधी पिवळं, मग लालसर. त्यांनी पाय धरून हलवला तसा आतून करकर आवाज आला. तो आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. डॉक्टर रागावले नाहीत, हेच वाईट.

"कुणी सांगितलं होतं बैठका काढायला?"

आण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. मी माझ्या चपलांकडे.

"कुनी न्हाय, डाक्टरसायब," आकाराम म्हणाला. "मीच काढल्या. घरच्यास्नी ठावंबी न्हवतं."

डॉक्टरांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडे एकदा बघितलं. मग आकारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चालाल तुम्ही. जनावरांचं कामही कराल. पळणं मात्र विसरा."

परतीच्या एसटीत आकाराम पाय मधल्या वाटेत लांब सोडून बसला होता. येणारी-जाणारी माणसं ओलांडून जात होती. हातकणंगलं गेल्यावर तो पहिल्यांदा बोलला.

"वहीत किती लिवलंस, तिरमक?"

"एकशे सतरा."

"एकशे अठरा लिव. खाली गेलतोच की. नुसतं वर यायचं ऱ्हायलं."

तो हसला. पुढच्या बाकावर आण्णा बसले होते, त्यांनी मान वळवली नाही. पण त्यांचं मुंडासं हलत होतं, आणि रस्ता काही तेवढा खराब नव्हता.

चार दिवसांनी आण्णांनी सुताराकडून एक बुटकं स्टूल करून आणलं आणि हरणीच्या दावणीपाशी ठेवून ते निघून गेले. स्टुलावर बसून धार काढणारा गवळी मी तोवर बघितला नव्हता, गल्लीनेही नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे आकाराम कट्ट्यावर ते स्टूल घेऊन आला, उजवा पाय लांब करून बसला आणि धार काढू लागला. दुधाला आलेली माणसं उगीच आभाळाकडे बघत पेले रिकामे करत होती.

पाडव्याच्या सकाळी तानाबाई हरणीला नदीवर धुवायला घेऊन गेली. ती बाटलीही बरोबर नेली आणि आतला तुकडा पंचगंगेत सोडून आली. "आंगातला हाय, घरात कसा ठिवायचा?" एवढंच म्हणाली.

दुपारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आकारामचा चुलतभाऊ सयाजी राजदूत घेऊन आला होता. हरणीची शिंगं तांबडी रंगवली होती, पाठीवर केस कातरून मोर काढला होता. सयाजीने गाडी पुढे लावली, रेस केली आणि घसा फुटेस्तोवर हाळी दिली. हरणी हलली नाही. पुन्हा हाळी दिली. तिने मान वळवली आणि गर्दीत बघायला लागली. आण्णांच्या ओसरीच्या कट्ट्यावर पाय लांब करून बसलेल्या माणसावर तिची नजर थांबली, आणि ती तिकडे चालू लागली. लोक हसले. "आरं, म्हस म्हातारी झाली!" कोणीतरी ओरडलं.

आण्णा खाली मान घालून उभे होते. आकाराम उठला. लंगडत सयाजीच्या गाडीपाशी गेला.

"सरक म्होरं," तो म्हणाला.

तो गाडीवर मागच्या बाजूला तोंड करून बसला, सयाजीच्या पाठीला पाठ लावून. उजवा पाय वाकत नव्हता, तो तसाच बाहेर काढला. आणि त्याने हाळी दिली. ती हाळी कशी होती हे मला लिहिता येत नाही. अकरा वर्षं मी ती पाठमोरी ऐकली होती.

हरणी सुटली. मी सवयीने बटण दाबलं. गर्दी दोन्ही बाजूंना फाटत गेली, कवड्यांचा खळखळाट, धूळ आणि वर त्याचा आवाज. कमानीपाशी गाडी थांबली तेव्हा मी मागून सायकलने धापा टाकत पोचलो होतो. हरणीने कमान ओलांडली तसं मी लांबूनच पुन्हा बटण दाबलं होतं. काटा बघितला. एक मिनिट एकवीस.

मी पुन्हा बघितला. एक एकवीस. म्हणजे अकरा वर्षं ती त्याच्या मागे जीव खाऊन धावते आहे असं आम्ही समजत होतो, आणि ती त्याच्या पायाला पाय जुळवून दमाने येत होती.

आकाराम गाडीवरून उतरला नव्हता. हरणीचं ओलं नाक त्याच्या मांडीवर होतं, त्या वाळलेल्या.

"तिरमक," तो म्हणाला, "तिला पळताना आज पयल्यांदा बघिटलं बग मी. म्होरं पळनाऱ्याला काय दिसतंय?" आणि मग, "किती लागलं?"

मी घड्याळ मुठीत धरलं.

"एक बावन्न," मी म्हणालो. "गेल्या साली एवढंच."

तो माझ्याकडे बघत राहिला. अकरा वर्षं पळलेल्या माणसाला वाऱ्यावरून वेग कळतो. पण त्याने मान हलवली. "मग बरं हाय," म्हणाला.

तो गाडीवरून उतरला आणि घराकडे चालू लागला. उजवा पाय अर्धवर्तुळात फिरवून टाकायचा, मग डावा. हरणी त्याच्या मागे निघाली. रस्ता रुंद होता, बाजूने पुढे जायला जागा होती. ती गेली नाही. तो थांबला की थांबायची, तो चालला की एक पाऊल टाकायची. सयाजी गाडी घेऊन तिच्या मागे अडकला होता आणि सारखा हॉर्न वाजवत होता. हरणी काही बाजूला झाली नाही.