चौदा नंबरचा बिल्ला

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मला लोक पाठीमागे हवालदारबाई म्हणतात. मला ते माहीत आहे. शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला पाठीमागचंही ऐकू येतं.

दवाखान्यात नंबराची पद्धत आहे. खिडकीत कंपाउंडर बसतो, तो पितळेचा बिल्ला देतो, त्यावर आकडा कोरलेला. आकडा पुकारला की आत जायचं. पद्धत सोपी आहे, पण माणसं सोपी नसतात. कुणाला नुसती चिठ्ठी दाखवायची असते, कुणाला एकच मिनिट लागणार असतं, कुणी डॉक्टरांच्या मेहुण्याच्या शेजारी राहत असतं. कंपाउंडर पडला भिडस्त. म्हणून मी लक्ष घालायला लागले. महिन्यातून एकदा रक्तदाब दाखवायला जायचे, बाहेरच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि कुणी मध्ये घुसायला लागलं की एवढंच म्हणायचे, "नंबर किती आपला?" तेवढं पुरायचं. माझं काम झालं तरी गोळ्या मिळेपर्यंत मी तिथेच बसायचे आणि गोळ्या मिळाल्यावरही थोडी बसायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हटलं असावं.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरी माझं ऐकायला कुणी नव्हतं.

त्या सोमवारी माझा नंबर सात होता. आत सहा नंबर गेला होता. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून चावीवाले उठले आणि माझ्यापाशी आले. चौकातल्या बँकेच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, कुलपं दुरुस्त करायचं आणि चाव्या बनवायचं. नाकासमोर चालणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी मी चावी आत ठेवून दार ओढून घेतलं होतं आणि गॅसवर दूध होतं, तेव्हा शेजारच्या मुलीने त्यांना बोलावून आणलं. जेवणावरून उठून आले होते. हात तसाच खरकटा होता, डाव्या हाताने पेटी उघडली. दूध उतू जायच्या आत दार उघडलं होतं.

ते माझ्यासमोर वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला जरा आधी जाऊ द्याल का? छातीत जळजळतंय मघापासून."

त्यांचा नंबर चौदा होता. बिल्ला मुठीत होता. कपाळ ओलं होतं, तेही मला दिसलं. मी ते उन्हाच्या खाती टाकलं.

मी म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, इथे सगळ्यांचंच काही ना काही जळजळतंय. म्हणून तर आलोय."

लोक हसले. समोरच्या बाकावरचा शिंपी तर मांडीवर थाप मारून हसला. चावीवालेही हसले. "बरोबर आहे," म्हणाले आणि परत कोपऱ्यात जाऊन बसले.

माझा नंबर आला. आत गेले. रक्तदाब ठीक होता. मग मी डॉक्टरांना गुडघ्याचं सांगितलं, मग झोपेचं, मग भाचीच्या बदलीचं. डॉक्टर ऐकून घेतात. बाहेर येऊन गोळ्या घेतल्या आणि माझ्या खुर्चीवर बसले. अकरा नंबर आत गेला तेव्हा चावीवाले उठले आणि वाऱ्याला म्हणून बाहेरच्या पायरीवर गेले. पायरीवर बसलेले दिसले. मग कठड्याला टेकलेले दिसले. मग शिंपी ओरडला.

डॉक्टर धावत आले, त्यांनी करायचं ते सगळं केलं. गाडी आली. मोठ्या रुग्णालयात पोचायच्या आत ते गेले होते.

मला कुणी एका शब्दानेही बोललं नाही. जो तो एकच सांगत होता: शेवटपर्यंत हसत होते, कुणाला त्रास दिला नाही, असं मरण यावं. जे हसले होते तेच हे सांगत होते. मीही मान हलवत होते. भेटायला त्यांच्या घरी सगळे जाऊन आले, मी गेले नाही. कुणी विचारावं असंही वाटायचं आणि कुणी विचारू नये असंही. दवाखान्यावरून जाताना पायरीकडे बघणं टाळायचे, तरी तोंडाने मी म्हणत राहायचे की चार-पाच तर नंबर होते मध्ये, दहा मिनिटांचा प्रश्न, दहा मिनिटांनी काय होतं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांना विचारलं. हाताला पट्टा बांधलेला होता, म्हणून त्यांच्याकडे बघावं लागलं नाही.

"चावीवाल्यांनी माझ्याकडे आधी जाऊ द्या म्हणून मागितलं होतं, डॉक्टर. मी जाऊ दिलं नाही. दिलं असतं तर?"

डॉक्टरांनी पट्टा सोडवला. बराच वेळ ते आकडा लिहीत होते, आकडा काही एवढा मोठा नव्हता.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित वाचले असते. कदाचित नाही. मी तुम्हाला नसतेच वाचले असं सांगितलं, तर ते तुमच्या समाधानासाठी होईल. मीही दार लावून आत गप्पाच मारत होतो, बाई."

त्या गप्पा माझ्याशीच होत्या, हे ते बोलले नाहीत.

तेव्हापासून ते दर थोड्या वेळाने स्वतः बाहेर येऊन प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून जातात. भिंतीवर पाटीही लागली आहे, छातीत दुखत असल्यास ताबडतोब सांगावे. वरातीमागून घोडं. मी आता कुणाला नंबर विचारत नाही. लोक मध्ये घुसतात, कंपाउंडर भिडेपोटी सोडतो आणि मी पदराच्या टोकाकडे बघत बसते. आणखी एक झालं. कंपाउंडर तेरा पुकारायचा आणि मग पंधरा. चौदा नंबरचा बिल्ला चावीवाल्यांबरोबर गेला होता. नव्याला विचित्र वाटायचं. आम्हाला कळायचं.

तीन महिने झाल्यावर एका सकाळी त्यांची बायको आली. मी ओळखलं नाही. पांढरी-करडी साडी, हातात कापडी पिशवी, खिडकीपाशी जाऊन काहीतरी विचारत होती. कंपाउंडरने फक्त माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"मी चावीवाल्यांच्या घरची," ती म्हणाली. "तुम्ही होतात ना त्या दिवशी?"

"होते."

"त्यांच्या कपड्यांबरोबर हा बिल्ला दिला होता रुग्णालयात. म्हटलं, दवाखान्याची वस्तू आहे, परत द्यावी. द्यायला इतके दिवस लागले." तिने पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून बिल्ला काढला. घासून लख्ख केला होता. "सगळे सांगतात, हसत होते. काहीच दुखत नव्हतं. तुम्हाला काही बोलले का ते?"

हो, हसत होते, एवढंच म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. शब्द ओठावर आला होता. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला तो खरकटा हात आठवला.

"बोलले," मी म्हणाले. "माझ्याकडे आले होते. छातीत जळजळतंय, मला आधी जाऊ द्या म्हणाले. मी नाही म्हटलं, वहिनी. वरून सगळ्यांसमोर चेष्टा केली. लोक हसले, म्हणून ते हसले."

आत कुणीतरी खोकत होतं.

"तुमच्याकडे मागितलं त्यांनी?"

"हो."

"मोठ्यानं?"

"नाही. अगदी हळू."

"जन्मात कुणाकडे शब्द टाकला नाही त्या माणसानं," ती म्हणाली. "पाण्याचा पेलासुद्धा उठून स्वतः घ्यायचे. म्हणजे फारच दुखत असणार." तिने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मला एकच लागून राहिलं होतं. एवढं होत होतं तर कुणाला सांगितलं कसं नाही. घरीही नाही, इथेही नाही. रात्रंदिवस मी त्यांच्यावर रागावत होते." मग म्हणाली, "सांगितलं होतं तर."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"नको. ते मला आत्ता जमणार नाही. पुढचं काही सांगता येत नाही. खरं बोललात, तेवढं बरं केलंत. बाकी सगळ्यांनी मला लहान मूल समजून समजावलं." तिने बिल्ला माझ्या हातावर ठेवला. "हा तुम्हीच द्या परत."

ती पायरी उतरून गेली. कठड्याला हात लावला नाही.

त्या दिवशी माझा नंबर पाच होता. मी खिडकीत गेले, पाचचा बिल्ला ठेवला आणि चौदाचा हातात धरून म्हणाले, "आज मला हा राहू दे."

"काकू, चौदाला फार वेळ लागेल," कंपाउंडर म्हणाला.

"माहीत आहे."

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. तिथे कुणी बसत नसे. मी जाऊन बसले. सहा नंबर आत गेला तेव्हा भिंतीवरचं घड्याळ बघितलं. त्या खुर्चीवरून डॉक्टरांचं दार दिसत नाही, मध्ये कपाट येतं. सरळ समोर दिसते ती माझी खुर्ची. म्हणजे मी बाहेर येऊन बसल्यापासून ते उठून पायरीवर जाईपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर मीच होते. एकदाही मी तिकडे बघितलं नव्हतं.

अकरा नंबर आत गेला तेव्हा पुन्हा घड्याळ बघितलं. अडतीस मिनिटं झाली होती.

मग बारा झाला, तेरा झाला. कंपाउंडरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, थोडा थांबला आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा चौदा नंबर पुकारला. मला उठायला जरा वेळ लागला.