फेरातली मोकळी जागा

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. कंपनीचा भोंगा नुकताच वाजून गेला होता. सोमीने बांबूची काडी दाताने चावून तिचं टोक कुंचल्यासारखं केलं, पांढऱ्या रंगात बुडवलं आणि भिंतीवर पहिली रेघ ओढली. तोच माझा जन्म. मी फेर बोलतोय, तारप्याच्या नाचाचा फेर. बोईसरला कामगारांची एक इमारत आहे, तिच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मी आहे.

आधी ही भिंत पान खाऊन थुंकायच्या कामाची होती. सोसायटीचे कमलेशभाऊ म्हणाले, आपल्याकडचं वारली चित्र काढून घेऊ, लोक थुंकायचे तरी थांबतील. म्हणून मनोरकडच्या पाड्यावरून सोमीला बोलावलं. ती आली ती कडेवर पोर घेऊनच. दीपिका तेव्हा जेमतेम उभी राहायला शिकली होती. सोमीने परांचीच्या खालच्या बांबूला झोळी बांधली. वर रंगवायची, पण दोन माणसं काढून झाली की खाली वाकून बघायची, पोर रडत नाही ना, कोणी गाडी मागे घेत नाही ना. त्यामुळे माझी माणसं जरा वाकडीतिकडीच झाली. आईच्या जिवाला घोर असला की हात असाच चालतो, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मधोमध तिने तारपा वाजवणारा काढला. त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरून नाचणारी बाया-माणसं. तारप्याकडे पाठ करून कोणी नाचत नाही, ही त्यांची रीत. शेवटच्या बाईचा हात मात्र तिने मोकळा ठेवला आणि पुढे एका माणसाएवढी जागा कोरीच सोडली.

कमलेशभाऊंनी विचारलं, रंग संपला काय?

"रंग हाय," सोमी म्हणाली. "तिथं माजा माणूस हाय. तो येल तवा काढीन."

तिचा नवरा प्रदीप दिवाळीनंतर इकडे कामाला आला होता. सुरुवातीला फोन यायचा, मग लागेनासा झाला. ती कंपन्यांच्या गेटवर विचारत फिरली. वॉचमन म्हणायचे, या नावाचा कोणी नाही. मग तिला वाटलं, चित्र रस्त्यावर आहे, येता-जाता तो बघेल, तिचा हात ओळखेल.

पुढे दर बाजाराच्या दिवशी ती रानभाजी घेऊन माझ्याखाली बसायला लागली. एकदा सासू साखरबाई सोबत होती.

"दुसरी केली असंल त्यानं," सासू म्हणाली. "तू बस भिंतीला टेकून."

"तुमचाच पोर ना वो, आये? असं कसं बोलता?"

"माजा हाय म्हनूनच वळखते."

सोमी हसली, पण भाजीची जुडी बांधताना तिच्या हातातला दोरा दोनदा सुटला.

मग स्वच्छतेच्या स्पर्धेसाठी पाहुणे येणार असं ठरलं. अर्धवट चित्र बरं दिसत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कमलेशभाऊंचं मन वाईट नव्हतं. त्यांना वाटलं, बाईच्या नवऱ्याचं चित्र आपणच पुरं करून देऊ, तिला आनंद होईल. दुकानाच्या पाट्या रंगवणारा चंद्रभान आला. त्याने पुठ्ठा कापून माणसाचा साचा केला, भिंतीवर धरला आणि रंग मारून मोकळा झाला. साचा त्याने उलट्या बाजूने धरला होता.

बाजाराच्या दिवशी सोमी आली. डोक्यावरचा भारा न उतरवताच उभी राहिली.

"ह्याचं पाय उलटं हाईत."

चंद्रभान शेजारीच पाटी रंगवत होता. तो म्हणाला, "अरे भाभी, आदमी तो आदमी है. पैर इधर क्या, उधर क्या."

"तारप्याला पाठ करून कोन नाचत नाय. ह्यो नाचत नाय. ह्यो चालला."

कमलेशभाऊ धावत आले, पुसून देतो म्हणाले. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, जे खरं व्हतं तेच निघालं. त्यानंतर भाजी घेऊन एकटी साखरबाईच यायची. तीच गिऱ्हाइकांना सांगायची की सुनेने गळ्यातलं काढून आपल्या हातात ठेवलं आणि पोरीला घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली. त्याचं नाव काढलं तर म्हणते, पाठ फिरवली त्यानं. पुढे साखरबाईही यायची थांबली.

आणि मग एका दुपारी मी ते ऐकलं. माझ्याखाली चहाची गाडी लागते. इमारतीत नवीनच राहायला आलेला मेहुल सोबत्याशी दबक्या आवाजात बोलत होता.

"तो टाकी साफ करायला उतरला आणि वर आलाच नाही, आठवतो? मनोरकडचा. ठेकेदाराने दुसऱ्याच्या नावाच्या गेटपासवर आत घेतलेला. जेवताना सारखं आपलं पोरीचं, दीपिका अशी, दीपिका तशी. हातावर सोमी गोंदलेलं होतं. ठेकेदाराने परस्पर सगळं उरकलं. आता ही सोमी कुठली, कोणाला विचारणार?"

"चहा पी गप. आपल्यालाबी उद्या तिथंच उतरायचंय."

म्हणजे फोन लागेनासा झाला तेव्हाच, मी जन्मायच्या आधीच, प्रदीप गेला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण भिंतीवरच्या माणसांना तोंड काढत नाहीत.

आता माझ्यापुढे पुन्हा परांची बांधली आहे. इथे कसली तरी जाहिरात येणार आहे. पांढऱ्या रंगाखाली तारपा वाजवणारा गेला, निम्मा नाच गेला. संध्याकाळपर्यंत मीही नसेन.

तुमच्यातलं कोणी भिवंडीच्या भट्ट्यांकडे जात असेल, तर मनोरकडची सोमी विचारा. सोबत लहान पोर असेल. तिला सांगा, तुझ्या माणसाने दुसरी केली नाही, तुला पाठ दाखवली नाही, तो कामावर असतानाच गेला आणि तुझं नाव हातावर घेऊन गेला. हे ऐकून तिचं काही परत येणार नाही, मला कळतं. तरी सांगा. तुमचं जाणं होणार नसेल, तर जो जाईल त्याच्या कानावर घाला.