वाजणारी क्लिप

"काकू, ह्यातली कुठली बसवू तेवढं सांगा. एकदा फळ्या अडकल्या की मग बदल न्हाई."

फळ्या बसवायला आलेल्या जिनेंद्रनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वर्तमानपत्र पसरून आपला संसार मांडला होता. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकजीव करून केलेल्या फळीचे दोन तुकडे, एक स्क्रू आणि दोन क्लिपा. शकुंतलाबाई पाटावर बसून बघत होत्या. पावशेर गवारीसाठी भाजीवाल्याला घाम फोडणाऱ्या बाई आज भाव विचारायलाही विसरल्या होत्या.

मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर डेक, म्हणजे फळ्यांची उंच बैठक घालायची, हा हुकूम पुण्याहून त्यांच्या मुलाचा, अनीशचा होता. आणि त्याला कारण एकच, मागच्या दारापुढची हलती फरशी.

शकुंतलाबाईंचे यजमान अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पुढच्या खोलीत पिवळी पावलं उमटली आणि नव्या नवरीनं बजावलं, "हे सोनं घेऊन पुढच्या दारानं यायचं नाही." तेव्हापासून अण्णा बोळातून मागं येत. दारापुढच्या त्या एका फरशीवर उभं राहून पाय धूत, तिथंच बशीतून चहा पीत आणि मगच घरात शिरत. पाय पडला की फरशी वाजे, टक्-टक्. तो आवाज आला की बाईंनी गाळणं हातात घ्यायचं. फरशी पक्की करून घ्या म्हणून त्या कानीकपाळी ओरडल्या, पण अण्णा म्हणायचे, "असू दे गं. मी आल्याची वर्दी देते ती."

अण्णा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि फरशी अजून वर्दी देत होती. रोज नाही, पण कधीतरी दिवेलागणीला. घूस असेल, मांजर असेल, हे शकुंतलाबाईंनाही कळत होतं. पण कळतं पण वळत नाही, त्यातली गत. संक्रांतीच्या सुमारास असाच आवाज आला, तशा त्या कपबशी घेऊन धावल्या, ओल्या फरशीवर घसरल्या आणि मनगट मोडून मिरजेच्या दवाखान्यात पडल्या. भुलीच्या अमलात अनीशला म्हणाल्या, "यांचा चहा निवला रे." पोरगा बाहेर जाऊन रडला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं जिनेंद्रला फोन केला.

"वरून स्क्रू मारला तर?" शकुंतलाबाईंनी आता विचारलं.

"तर डोकी दिसत्यात, पायाला लागत्यात. पण कवाबी एक फळी काढून खाली बघता येतंय. क्लिप लपून ऱ्हाती. दोन फळ्यांच्या खाचंत बसती, वरनं काय दिसत न्हाई. पण फळ्या एकमेकीत अडकत्यात. मधली काढायची तर कडंपासनं सगळ्या उसकटाय लागतील."

"आणि या दोन क्लिपांत फरक काय?"

"हिला रबर हाय, गप बसती. ही नुसती स्टीलची. दिवसभर फळी तापून फुगती, सांजचं गार झाली की आकसती, मग ही वाजती. टक्, टक्. लोकं उगं घाबरत्यात. अनीशदादांनी तर बजावलंय, आवाज नको. रबराचीच घालतो."

शकुंतलाबाईंनी स्टीलची क्लिप उचलली. प्लास्टर काढलेला हात अजून बारीक दिसत होता.

"ही घाल."

"आवं काकू, वाजती म्हणतोय न्हवं!"

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून."

जिनेंद्रनं मुकाट्यानं अनीशला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. अनीश वैतागला. "आई, अगं त्या आवाजापायीच तर हे सगळं करतोय!"

"तुला काय, तू पुण्यात. इथं संध्याकाळ मला काढायची असते. धावणार नाही मी, शब्द देते. पण घर अगदीच मुकं करू नकोस रे."

मग अनीश म्हणाला, "जिनेंद्र, घाला तिला हवी ती."

डेकचा सांगाडा उभा राहिला. हलत्या फरशीवर जिनेंद्रनं सांगाड्याचा पाय टेकवला नाही. "हितं भार दिला तर सगळंच डुगडुगंल. हिला मोकळी सोडतो, वरनं फळी जाईल." फरशीच्या सांध्यांत अजून पिवळं होतं. शकुंतलाबाईंनी ते एकदा डोळे भरून बघून घेतलं. मग फळी आली, क्लिप खाचेत गेली आणि अंगण एखाद्या हॉटेलासारखं गुळगुळीत दिसू लागलं.

त्या संध्याकाळी त्यांनी दोन कप आधण ठेवलं. चैत्राचं ऊन उतरलं. पहिली फळी वाजली, टक्. त्यांचा जीव कानांत गोळा झाला. मग दुसरी, कुंपणाशी. तिसरी नळापाशी. मग एकदम चार-पाच. सगळा डेक वाजत होता, पण चालत कुणीच नव्हतं. जन्मभर ऐकलेलं पाऊल त्यांना ओळखू येणार नव्हतं होय? हे अण्णा नव्हते, या नुसत्या फळ्या होत्या. उगाच हट्ट केला असं वाटून त्यांना रडू आलं.

हळूहळू फळ्या निवल्या आणि गप्प झाल्या. शकुंतलाबाई गॅस बंद करायला वळल्या. तेवढ्यात आवाज आला, फळ्यांच्या खालून. जड, दगडी. टक्-टक्.

चौकट धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. अण्णा आले होते. नेहमीच्या जागी उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर एकमेकींत अडकलेल्या फळ्या होत्या. एक काढायची तर कडेपासून सगळ्या. जिनेंद्रनं सांगितलं होतं, त्यांनी ऐकलंही होतं, आणि तरी स्क्रू सोडून वाजणारी क्लिप मागितली होती.

"अगंबाई," त्या पुटपुटल्या. "मीच की हो तुम्हाला कोंडलं."

पुन्हा टक्-टक्.

त्या धावल्या नाहीत. लेकाला शब्द दिला होता. चहा गाळला, बशीत ओतला आणि भिंतीला धरत दारापुढं येऊन खाली बसल्या. दोन फळ्यांमधली फट बोटानं चाचपून पाहिली. क्लिपेच्या जाडीएवढीच होती. त्यांनी बशीवर फुंकर घातली, चांगली दोन-तीनदा, कारण गरम चहानं अण्णांची जीभ पोळायची. मग बशी हळूच त्या फटीवर कलती केली.