गवतावरचे दव

ग्रंथपालबाई सलग अकरा रविवार धाकट्या बहिणीकडून हरल्या होत्या. निवृत्तीनंतर दोघी बहिणी आपापल्या गावी बसून दर रविवारी चार वाजता कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत लावत. बाराव्यांदाही हार झाली तर थोरलीने धाकटीला वर्षभर 'ताई' म्हणायचे, असा करार ठरला होता. साठ वर्षे उपभोगलेले पद घाटातल्या एका वळणावर गमवावे, हे बाईंना मुळीच मान्य नव्हते. पण तिसऱ्या वळणावर त्यांच्या पडद्यावरचे चित्र गोठे, आणि ते पुन्हा हलेपर्यंत गाडी दरीत पोचलेली असे.

दोष पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा, हे निदान यजमानांचे. ते प्राध्यापक. वाचल्याशिवाय बोलायचे नाही हा त्यांचा दंडक. पाहण्याविषयी त्या दंडकात चकार शब्द नव्हता. नव्या कार्डाची चाळीस परीक्षणे त्यांनी टिपणे काढत वाचली. शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटरचे कॅबिनेट आडवे घालून जुने कार्ड उपसले, नवे खाचेत दाबले, दोन स्क्रू पिळले, मागच्या वायरी जोडल्या आणि कॉम्प्युटर चालू करून शर्यत उघडली.

"बघ, गवतावरचं दव दिसतंय."

बाईंनी चष्मा पुसला. "अहो, मला गवतच धड दिसत नाही."

"त्याला नजर तयार असावी लागते."

सरावात गाडी दुसऱ्याच वळणावर दरीत गेली. "कार्ड नवं आहे, रुळायला वेळ लागतो," असा निर्वाळा देऊन प्राध्यापक आतल्या खोलीत लॅपटॉपवर स्वतःचे एकेचाळिसावे परीक्षण लिहायला बसले. दवबिंदूंवर त्यांनी तीन परिच्छेद खर्ची घातले.

रविवारी तीन वाजता धाकटीचा फोन आला. "सराव करून ठेव. 'ताई' प्रेमानं म्हणायचं, दातओठ खाऊन नाही."

"जीभ आवर. अजून तासभर तरी मी थोरली आहे."

फोन ठेवून बाई उठल्या. चित्त थाऱ्यावर नसले की त्या फडके घेत. पुस्तकांच्या पुढची धूळ कोणीही पुसतो, मागची पुसतो तो ग्रंथपाल, हे त्यांनी बत्तीस वर्षे हाताखालच्यांना शिकवले होते. त्यांनी कॅबिनेट पुढे ओढले, मागून फडके फिरवले आणि थबकल्या. नव्या कार्डाच्या साऱ्या खाचा रिकाम्या होत्या. त्यांवरची प्लास्टिकची टोपणेसुद्धा निघालेली नव्हती. मॉनिटरची वायर वरच्या बाजूला, कॉम्प्युटरच्या मूळच्या खाचेत सुखाने बसली होती. चित्र नव्या कार्डातून येतच नव्हते; चाळीस परीक्षणांचा हा मानकरी कालपासून आत नुसताच पाहुणा होता.

बाईंनी कॉम्प्युटर बंद केला, टोपण काढले, वायर खाली लावली आणि पुन्हा चालू केला.

गवतावर खरोखरच दव होते.

चार वाजता शर्यत सुटली. तिसरे वळण आले आणि गेले; चित्राने डोळासुद्धा मिचकावला नाही. बाई गाडीच्या एका लांबीने जिंकल्या. फोन लगेच खणखणला.

"ताई, खरं सांग. केलंस काय?"

साठ वर्षांत हा शब्द इतका गोड कधी लागला नव्हता. दारात प्राध्यापक विजेत्याच्या थाटात उभे होते. "सांग तिला, म्हणावं कार्ड रुळलं."

"हे म्हणतात, कार्ड रुळलं," बाई फोनवर म्हणाल्या. "मी फक्त वायर त्याला लावली. कालपासून ती भलतीकडेच होती."

पलीकडून हसण्याचा लोट आला. प्राध्यापकांनी वाकून कॅबिनेटच्या मागे पाहिले. मग ते आतल्या खोलीत गेले, आणि तिथून एकच कळ पुन्हा पुन्हा दाबल्याचा आवाज येऊ लागला. तीन परिच्छेद पुसायला वेळ लागतोच.